माडीवरच्या फळ्या

आमच्या माडीवरची जमीन लाल होती. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा लाल, माझी मुले तिच्यावर रांगली तेव्हा लाल, आणि गेल्या फाल्गुनात कौले उतरवून घराच्या दुरुस्तीला हात घातला तेव्हाही लालच. तेलरंगाचा जाड थर, भिंतीकडेला गुळगुळीत, येण्याजाण्याच्या वाटेवर पोपडे सुटलेला. खाली लाकूड आहे हे सगळ्यांना ठाऊक होते, कारण चालताना ते वाजायचे. जिन्यापासूनची तिसरी फळी तर इतकी, की रात्री कोण वर गेले ते माजघरात झोपलेल्या माणसाला आवाजावरून कळे.

"ब्रह्मदेशचा साग आहे हो सगळा," असे घरातले प्रत्येक वडीलधारे माणूस आल्यागेल्याला सांगायचे. सासऱ्यांचे आजोबा मुंबईत लाकडाच्या वखारीत कारकून होते, त्यांनी गलबतातून साग आणला आणि माडी बांधली. माडीच्या पुढच्या तुळईवर शके १८३१ कोरलेले आहे, म्हणजे इसवी सन १९०९-१०. मी सदतीस वर्षे ही गोष्ट ऐकत आणि सांगत आले. रत्नागिरीच्या शाळेत इतिहास शिकवायचे, तरी स्वतःच्या पायाखालच्या गोष्टीचा पुरावा कधी मागितला नाही.

काम खरे तर छोटे होते. वासे बदलायचे, वाळवीने पोखरलेल्या दोन कड्या काढायच्या. पण घर उघडे पडले की सल्ले सुरू होतात. एका ठेकेदाराने फळ्या उचलून स्लॅब टाकावा आणि वर चकचकीत टाइल बसवाव्यात असे सुचवले, खर्चाचा कागदही करून दिला. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो कागद हातातही घेतला नाही. त्या आता शहाऐंशी वर्षांच्या आहेत. "जमीन काढायची नाही. हवी तर घासा," एवढेच म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

आमचा मेस्त्री माझाच विद्यार्थी. पहिल्या दिवशी त्याने रंधा पिशवीतून काढलाच नाही. एक तुटकी काच घेतली, पुढच्या दालनात हातभर जागा खरवडली, मग माजघरावरच्या मागल्या खोलीत जाऊन तेवढीच जागा खरवडली. दोन्हींवर पाण्याचा ओला फडका फिरवला आणि मला हाक मारली.

"बाई, हिते दोन जमिनी हायत."

पुढची फळी तांबूस सोनेरी होती, तिच्यातून काळसर रेषा सरळ धावत गेलेल्या. मागची मधासारखी, आणि ताज्या ओरखड्यात तर हळदीसारखी पिवळी. "पुढला साग. मागला फणस. सगळा साग म्हणून कुणी सांगितलं?"

पुढचे दोन महिने मी त्या जमिनीवर गुडघे टेकून होते. एकदा नजर बसली की लाकूड सरळ सांगते. मागल्या खोलीतल्या फळ्यांना लोहाराने ठोकलेले चौकोनी खिळे होते, प्रत्येक खिळ्याभोवती लोखंडाने लाकूड काळे केलेले. पुढच्या दालनात गोल डोक्याचे, कारखान्यात तारेपासून केलेले खिळे. वाळवीच्या कड्या काढायला म्हणून चार-पाच फळ्या उचलल्या, तेव्हा त्यांची कधीच न घासलेली खालची बाजू दिसली. फणसाच्या फळीवर करवतीच्या रेघा आडव्या, सरळ, पण थोड्या कमी-जास्त अंतराच्या आणि मधेच कललेल्या. ओंडका घोडीवर चढवून एक माणूस वर आणि एक खाली उभा राहून मोठी करवत ओढत असत, त्या दोघांच्या दमण्याच्या त्या खुणा. सागाच्या फळीवर मात्र धनुष्यासारख्या बाकदार रेघा होत्या, एकसारख्या, सलग. त्या फिरत्या चक्री करवतीच्या, म्हणजे यंत्राच्या. मागची खोली आधीची आणि पुढचे दालन नंतर जोडलेले, हे आता कुणी सांगण्याची गरज उरली नाही. तुळईवरचा शक पुढच्या दालनाचा आहे. मागची माडी त्याच्या आधी केव्हातरी, परड्यातले झाड तोडून, गावातल्याच हातांनी केलेली.

त्या पिवळ्या फळ्यांवर माझा जीव जडला. कोकणातले जुने घर म्हणजे बहुतेक परड्यातले आणि डोंगरातले लाकूड. खांब आणि कड्या ऐनाच्या नाहीतर किंजळीच्या, फळ्या फणसाच्या किंवा आंब्याच्या, आणि साग मिळेल तेवढाच, दर्शनी भागाला. फणसाचे लाकूड नवे असताना भडक पिवळे असते, उजेड खात खात तपकिरी होते, गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. वीणा आणि मृदंग याच लाकडाचे करतात. ब्रह्मदेशात तर बौद्ध भिक्षूंची चीवरे याच गाभ्याच्या काढ्यात रंगवत. मला वाटते, आमच्या माडीचे ब्रह्मदेशाशी नाते या पिवळ्या रंगातूनही जुळते, केवळ सागातून नव्हे.

वर्गात मी आज्ञापत्र शिकवले आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या या राजनीतीच्या ग्रंथात आरमारासाठी लाकूड कसे आणावे याच्या सूचना दिल्या आहेत. मुलखातल्या अरण्यातला साग वगैरे जहाजांना लागतो तो परवानगीने तोडून आणावा, उणे पडेल ते परमुलखातून विकत घ्यावे. आंबा आणि फणस हीसुद्धा जहाजाच्या कामाची लाकडे, पण त्यांना हात लावू देऊ नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या मुलासारखी वाढवलेली असतात. ती गेली की तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालेच असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावे, जबरदस्ती करू नये. मुलांना मी हे दर वर्षी वाचून दाखवायचे आणि परीक्षेत टीप विचारायचे. साग हे राज्याचे झाड आणि फणस हे घरातले झाड, हा भेद मात्र मला कळला तो काचेने खरवडलेल्या दोन हातभर जागांमुळे.

आणि सागाचे झाड राज्याचे म्हणजे काय, हे ज्या माणसाने सगळ्यांत जास्त भोगले, तो आमच्याच गावात तीस वर्षे राहिला.

ब्रह्मी साग तोडण्याची रीत आपल्याकडच्यापेक्षा वेगळी. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून निवडलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि कोवळे लाकूड खोल कापून एक कडे पाडत, आणि झाड उभ्या उभ्या मरायला सोडून देत. दोन-तीन वर्षांत ते जागेवरच वाळे. मग तोडायचे, हत्तींनी ओढून कोरड्या ओढ्याच्या पात्रात आणून टाकायचे आणि पावसाळ्याच्या लोंढ्याची वाट पाहायची. लोंढा ओंडक्यांना मोठ्या नदीत नेई, तिथे त्यांचे तराफे बांधून रंगून किंवा मोलमेनपर्यंत सोडत. एखाद्या वर्षी पाऊस कमी पडला की ओंडके ओढ्यातच अडकून राहायचे. झाडाला कडे पाडल्यापासून मुंबईच्या वखारीत पोहोचेपर्यंत पाच-सहा वर्षे सहज जात. आमच्या फळ्या शंभराहून अधिक पावसाळे पाहूनही फाकल्या किंवा वाकल्या नाहीत, याचे निम्मे कारण त्या उभ्याने वाळण्यात आहे. उरलेले कारण सागाच्या अंगातले तेल.

या धंद्यातली सर्वांत बलाढ्य कंपनी १८६३ साली मुंबईत स्थापन झाली, तिचे नावच बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. वरच्या ब्रह्मदेशात तेव्हा स्वतंत्र राजा होता आणि त्याच्या अरण्यांचा ठेका कंपनीकडे होता. ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त ओंडके नेले आणि पैसे थोड्यांचेच भरले, असा ठपका राजाच्या मंत्रिमंडळाने १८८५ मध्ये ठेवला आणि तेवीस लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना फ्रेंचांच्या तिथल्या हालचालींची धास्ती होतीच. हा दंड त्यांना निमित्त म्हणून पुरला. ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरात फौजा इरावतीवरून आगबोटींनी वर चढल्या आणि पंधरवड्यात मंडाले पडले. १ जानेवारी १८८६ रोजी देश इंग्रजी राज्यात सामील झाल्याचे जाहीर झाले. राजा थिबा आधी मद्रासला आणि मग १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरीला आणला गेला. तेव्हा त्याचे वय सत्तावीस.

रत्नागिरीकरांना थिबा पॅलेस नवा नाही. सहली येतात, मुले अर्धगोल खिडक्यांत उभी राहून खाडीकडे बघतात. राजाने आधीची बरीच वर्षे बंगल्यांत काढली. हा वाडा तयार झाला १९१० मध्ये, म्हणजे आमच्या पुढच्या दालनाच्याच वेळी. गावात एकाच मोसमात सुतारांना मोठे काम आणि धाकटे काम मिळाले असणार. आणि नेमक्या त्याच वर्षांत रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात, लाकडी बराकीत, गीतारहस्य लिहीत होते. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत, हे मी वर्गात सांगितले की मुले एकदम गप्प होत.

आमच्या सागाचा हिशेब मी या वर्षांशी लावून पाहिला. जुन्या पेटीत खर्चाची एक मोडी वही होती. ओळखीच्या एका मोडी वाचणाऱ्या गृहस्थांकडून ती वाचून घेतली. तिच्यात मोलमेन साग, वखारीचा दर, गलबताचे भाडे आणि बंदरावरून घरापर्यंतची गाडी, असे सगळे लागोपाठ लिहिलेले आहे. १९०९ मध्ये मुंबईच्या वखारीत पडलेला ओंडका म्हणजे त्या झाडाला कडे पाडले गेले ते विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी. तोपर्यंत थिबा इथे येऊन सतराएक वर्षे झाली होती. ज्या सागापायी त्याचे राज्य गेले, तो कारकुनाच्या पगारातून बचत करून, त्याच्या कैदेच्या गावात, त्याच्या डोळ्यांदेखत उतरवला जात होता. १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. त्याची समाधीही इथेच आहे. आमच्या दालनातल्या एका फळीच्या टोकाला बोटभर रुंदीत मी पंधरा वर्तुळरेषा मोजल्या. इतका सावकाश वाढलेला साग आता विकत मिळत नाही. बाजारात येतो तो बराचसा लागवडीचा, परदेशातून कंटेनर भरून आलेला, त्याच्या रेषा बोटाच्या पेरावर चार-पाच. बदलाव्या लागलेल्या दोन फळ्यांसाठी मेस्त्रीने मोडलेल्या एका घराचे लाकूड शोधून आणले, नव्याकडे पाहिलेदेखील नाही.

आता त्या लाल रंगाकडे येते.

दोन फळ्यांमधल्या फटीतून मेस्त्रीने सळईने कचरा उकरला. एक सागरगोटा, काचेचे मणी, बोरूचा तुकडा, आणि एक भोकाचा पैसा. हा पैसा मी लगेच ओळखला. युद्धाच्या काळात धातू वाचवण्यासाठी सरकारने मधे भोक पाडलेला पैसा काढला, तो १९४३ ते १९४७ एवढीच वर्षे पाडला गेला. आमच्या नाण्यावर १९४४ आहे. रंगाचा थर फटीवरून अखंड गेलेला होता आणि नाणे त्याच्या खाली. म्हणजे १९४४ मध्ये फट उघडी होती आणि जमीन उघड्या लाकडाचीच होती. ती शेणाने सारवत नसत, नारळाच्या सोडणाने घासत आणि सणासुदीला तेलाचा हात देत, असे आईंनी त्यांच्या सासूकडून ऐकले होते. रंग आला तो नंतर.

हा रंग काढताना मी मुलांना घरी येऊ दिले नाही. जुन्या तेलरंगांत शिसे असते आणि कोरडे घासले तर त्याची धूळ श्वासातून अंगात जाते, हे मी मेस्त्रीला समजावून सांगितले. त्यामुळे गरम हवेचे यंत्र नाही, कोरडा पॉलिश पेपर नाही. पृष्ठभाग ओला करायचा, काचेने आणि पातीने खरवडायचे, निघालेला चोथा पोत्यात भरून बांधून ठेवायचा. मेस्त्रीला घासायचे यंत्र आणायचे होते. "दोन दिवसांत आरशासारखं करून देतो, बाई." पण यंत्र एका फेरीत तेवढे लाकूड खाते जेवढे शंभर वर्षांच्या पावलांनी खाल्ले नाही. जिन्याच्या तोंडाशी फळ्या मधे बशीसारख्या खोलगट झाल्या आहेत. खिडकीपाशी निरांजन कलंडून जळल्याचा रुपयाएवढा काळा डाग आहे. ते सपाट करायला मी तयार नव्हते. या एका मुद्द्यावर आमचे दोन दिवस बोलणे चालले, आणि शेवटी त्याने काचच धरली. एकवीस दिवस लागले.

मग पॉलिश. दुकानात हल्ली पॉलियुरेथेनचा डबा पुढे करतात. टिकतो, पाण्याला दाद देत नाही, हे खरे आहे. पण तो लाकडावर काचेसारखा बसतो, आणि दहा वर्षांनी सोलला की पुन्हा सगळे खरवडणे आले. मला चपडी हवी होती. ही लाख म्हणजे पळस, बोर आणि कुसुंबाच्या फांद्यांवर राहणाऱ्या एका बारीक किड्याच्या स्रावाचे कवच. झारखंडात तिचे मोठे उत्पन्न आहे, रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून तिच्यावर संशोधन करणारी संस्थाही आहे. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या याच लाखेच्या असत. आमच्याच कोकणातल्या सावंतवाडीला तर लाखकामाची खेळणी आणि गंजिफा अजून होतात. चपडीचे पापुद्रे स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायचे, सकाळी मलमलीतून गाळायचे, कापसावर मलमल गुंडाळून केलेल्या गोळीने पातळ हात द्यायचे. एक वाळला की दुसरा. सागाला आधी कोऱ्या स्पिरिटने पुसून घ्यावे लागते, नाहीतर त्याचे स्वतःचे तेल वर येऊन चपडीला धरू देत नाही. चपडीत खोट एवढीच की ओरखडा किंवा पाण्याचा डाग पडतो. पण तो तेवढ्याच जागी स्पिरिट लावून मोडता येतो, सगळी जमीन सोलावी लागत नाही. कड्यांना आणि फळ्यांच्या खालच्या बाजूला मात्र काजूच्या टरफलांचे काळे तेल दिले. ते अंगाला लागले तर कातडी भाजते, पण वाळवी त्याच्या वाऱ्याला उभी राहत नाही.

कोकणात हे काम मृगाच्या आधी उरकावे लागते, कारण दमट हवेत चपडी धुरकटते. आम्ही रोहिणीत शेवटचा हात देत होतो आणि दुपारी वळीव आला. खिडक्या मिटेपर्यंत वाऱ्याने पाण्याची झड आत आणली. समोरच्या सहा-सात फळ्यांवर पांढरी साय धरली. मला रडू यायचे बाकी राहिले होते. मेस्त्रीने काही न बोलता रात्रभर पंखा लावून ठेवला, दुसऱ्या दिवशी उन्हाच्या वेळी स्पिरिटची ओलसर गोळी हलक्या हाताने फिरवली, आणि साय विरघळून खालचे लाकूड परत दिसू लागले. मागल्या खोलीला जवसाचे बेलतेल दिले होते. त्या तेलाची फडकी त्याने एकेक वेगळी करून परड्यातल्या दोरीवर वाळत घातली. चुरगळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेटतात, त्याच्या वडिलांच्या डोळ्यांदेखत एक पडवी अशी जळाली होती.

मेस्त्रीने शेवटी एकदा विचारून पाहिले. "मागल्या खोलीला थोडा रंग मारू? सागासारखी दिसंल. कुणाला कळायचं नाय." मी नाही म्हटले. जिथे साग संपतो आणि फणस सुरू होतो, तिथे मधे एक पातळ ऐनाची पट्टी होती, ती फक्त घट्ट करून घेतली.

मृगाच्या आदल्या दिवशी आईंना दोघांनी धरून वर आणले. गुडघ्यांमुळे त्या चार वर्षांत माडीवर आल्या नव्हत्या. दालन ओलांडून त्या सरळ मागल्या खोलीत गेल्या आणि जमिनीवर बसल्या. हाताने फळी चाचपत राहिल्या.

"मी या घरात आले त्या दिवशी इथे रंगाचा वास होता," त्या म्हणाल्या. "ओला होता अजून. पाय चिकटत होते. माझ्या माहेरची माणसं मुंबईची, त्यांना वर बसवायचं होतं. ही खोली गावठी दिसते म्हणून माझ्या सासऱ्यांनी सगळीकडे एकच लाल मारून घेतला. सासूबाईंनी मला पुढे कधीतरी सांगितलं. मग मीही साग साग म्हणत राहिले."

मी विचारले, हा फणस कुठला ते त्यांनी कधी सांगितले का.

"विहिरीमागचा. आता पंप आहे ना, तिथला. बरका होता, कापा नव्हे. म्हातारा झाला होता, धरेनासा झाला, तेव्हा तोडला."

आणि त्यांनी मला विळी-तवा आणायला पाठवावे तशा आवाजात, खालून चटई आणायला पाठवले. त्या रात्री त्या तिथेच झोपल्या.